अधिकार दिल्लीचा, ओळख गावाची



मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यांच्यासारख्यांनी प्राण वेचले म्हणून आपण कोणा राजाची प्रजा राहिलो नाही, या देशाचे नागरिक झालो. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी आज नागरिकत्वाबद्दलच बोलणार आहे. जो या देशाचा नागरिक नाही, किंवा नाही असा ज्याच्यावर संशय आहे, त्याचे काय करायचे हे आपल्याकडे कोण ठरवते? केंद्र सरकार की राज्य सरकार? आणि ठरवणारा एक, अंमल करणारा दुसरा असला, तर चूक झाल्यावर जाब कोणाला विचारायचा?

हा प्रश्न तुम्हाला दूरचा, सीमेवरचा वाटेल. आपल्याकडे ना बांगलादेशची सीमा, ना पाकिस्तानची. पण समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, वाशिंद-आसनगावच्या बाजूने वस्ती वाढत गेली, मुरबाडला एमआयडीसी आहे, दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात. या सगळ्या कामांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगालची माणसे येतात. त्यांच्यात कोणी सीमेपलीकडून आलेला आहे का, हे पाहण्याची वेळ येते तेव्हा दिल्लीहून कोणी येत नाही. आपल्याच ठाण्यातला हवालदार मोटारसायकलवरून भट्टीवर जातो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. परकीय माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिला आहे. पण कोण आपला आणि कोण परका हे ओळखण्याचे साधन केंद्राकडे नाही. ते राज्याकडे आहे, आणि त्यातही ज्या राज्यातून माणूस आला त्या राज्याकडे आहे. म्हणून त्या राज्याला विचारल्याशिवाय आणि त्याचे उत्तर आल्याशिवाय एकाही माणसाला सीमेवर नेऊ नये. संघराज्याचा या बाबतीतला अर्थ मला एवढाच कळतो, आणि तो पाळला गेला नाही की काय होते हे आज सांगायचे आहे.

घटनेची वाटणी

घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. केंद्राच्या यादीत १७व्या क्रमांकावर नागरिकत्व आणि परकीय व्यक्ती हा विषय आहे. १९व्या क्रमांकावर भारतात प्रवेश, भारतातून बाहेर जाणे, हद्दपारी, पारपत्र आणि व्हिसा. ८१व्या क्रमांकावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारे स्थलांतर. म्हणजे माणसाने सीमा ओलांडण्याचा सगळा कायदा संसदेचा. राज्याच्या यादीत मात्र पहिल्या क्रमांकावर सार्वजनिक सुव्यवस्था आणि दुसऱ्या क्रमांकावर पोलीस. कायदा संसदेचा आणि काठी राज्याची, अशी ही वाटणी आहे.

घटनाकारांनी ही दोन टोके जोडण्याची सोय केली. अनुच्छेद २५८ प्रमाणे राष्ट्रपती राज्य सरकारच्या संमतीने केंद्राचे काम राज्याकडे सोपवू शकतात. त्यासाठी राज्याला जो जादा खर्च येईल तो केंद्राने द्यावा, हेही तिथेच लिहिले आहे. या अनुच्छेदाचा आधार घेऊन १९५८ साली केंद्राने परकीय व्यक्ती शोधण्याचे आणि परत पाठवण्याचे अधिकार राज्यांकडे सोपवले. तेव्हापासून आजपर्यंत देशभर हे काम प्रत्यक्षात राज्यांचे पोलीस करतात. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात. शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांपुरते ते म्हणजे ठाणे ग्रामीणचे अधीक्षक.

सोपवण्याआधीही हा प्रश्न न्यायालयात गेला होता. हान्स म्यूलर नावाच्या पश्चिम जर्मनीच्या नागरिकाला १९५४ साली पश्चिम बंगाल सरकारने कलकत्त्यात स्थानबद्ध केले. देशाबाहेर घालवण्याचा अधिकार केंद्राचा, मग राज्याने मला कोंडले कसे, असा त्याचा सवाल होता. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घालवण्याची तजवीज करण्यासाठी राज्य त्याला ताब्यात ठेवू शकते, आणि परकीयाला घालवण्याचा केंद्राचा अधिकार अनिर्बंध आहे. त्या निकालाने केंद्राचा अधिकार आणि राज्याचा हात दोन्ही बळकट केले. पण म्यूलर परकीय आहे याबद्दल कोणाचाच वाद नव्हता. आज आपल्यासमोरचा वाद नेमका तोच आहे. पकडलेला माणूस परकीय आहे का, हेच आधी ठरायचे असते.

आणि हे ठरवताना आपला कायदा नेहमीच्या फौजदारी खटल्याच्या उलट चालतो. चोरीच्या खटल्यात चोरी झाली हे पोलिसांनी सिद्ध करायचे असते. परकीय व्यक्तींच्या १९४६च्या कायद्यात, आपण परके नाही हे संशयिताने सिद्ध करायचे अशी तरतूद होती. इंग्रजांच्या काळातला हा कायदा आणि त्याच्या जोडीचे आणखी तीन कायदे रद्द करून संसदेने २०२५ साली नवा इमिग्रेशन आणि परकीय व्यक्ती कायदा केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. दंडाच्या रकमा वाढल्या, हॉटेलांबरोबर शिक्षणसंस्था, रुग्णालये यांच्यावरही परकीयांची खबर देण्याची जबाबदारी आली. पण पुराव्याचा भार जिथे होता तिथेच राहिला.

१९८३ साली फक्त आसामसाठी वेगळा कायदा झाला होता. त्यात संशय घेणाऱ्याने तो सिद्ध करायचा होता. म्हणजे तब्बल २२ वर्षे एकाच देशात परकीय ठरवण्याच्या दोन रीती होत्या. १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर सगळीकडे भार संशयितावरच आहे. मात्र ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की काहीही आधार नसताना वाटेल त्याला उचलून "तू भारतीय आहेस हे सिद्ध कर" असे म्हणता येणार नाही. संशयाला काही पाया आधी दाखवावा लागेल. आपल्या भागातल्या प्रत्येक ठाण्यात हे वाक्य माहीत असायला हवे.

उलुबेडियाला थांबलेली गाडी

आता एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण माझ्या विषयाचे सगळे दुखणे त्या एका गाडीत भरलेले आहे.

जुलै १९९८. महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचे सरकार, मुख्यमंत्री मनोहर जोशी. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार, मुख्यमंत्री ज्योती बसू. मुंबईत बंगाली बोलणारे जरीकाम करणारे कारागीर पकडले गेले. ते बांगलादेशी आहेत असे ठरवून मुंबई पोलिसांनी तीसहून अधिक माणसांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसमध्ये बसवले. सीमेवर न्यायचे आणि पलीकडे पाठवायचे. ही गाडी कल्याणनंतर आपल्याच आसनगाव, आटगाव, खर्डीवरून कसाऱ्याचा घाट चढते. ती माणसे आपल्या तालुक्यातून गेली आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

गाडी हावडा जिल्ह्यात उलुबेडियाला पोहोचली तेव्हा स्टेशनवर जमाव होता. फॉरवर्ड ब्लॉकचे स्थानिक आमदार पुढे होते. लोकांनी गाडी अडवली आणि पोलिसांच्या ताब्यातली माणसे सोडवून नेली. पुढे दोन्ही राज्यांत आरोप-प्रत्यारोप झाले. महाराष्ट्र म्हणे, आम्ही कायद्याचे काम करत होतो, तुम्ही पोलिसांवर हात टाकलात. बंगाल म्हणे, आमच्याच जिल्ह्यातले मुसलमान कारागीर तुम्ही बंगाली बोलतात म्हणून परके ठरवलेत आणि आम्हाला साधे विचारलेही नाही.

जमावाने पोलिसांच्या ताब्यातून माणसे सोडवावीत हे कायद्याच्या राज्यात चालणार नाही, हे मी स्वच्छ सांगतो. पण जमाव तिथे का आला? कारण विचारण्याची जी जागा हवी होती ती रिकामी होती. मुंबईचा पोलीस आणि बंगालचे गाव यांच्यामध्ये कोणी अधिकारी, कोणी न्यायालय, एखादे पडताळणीचे पत्र असते, तर ज्यांचे गाव सापडले ते सुटले असते आणि ज्यांचे सापडले नाही ते कायद्याने पुढे गेले असते. ती जागा रिकामी राहिली, म्हणून रेल्वेच्या फलाटावर निवाडा झाला. अधिकार केंद्राचा, हात महाराष्ट्राचा, ओळख बंगालची. आणि तिघांनी एकमेकांशी बोलायचे नाही, असा तो कारभार होता.

सातबारा आणि पर्चा

मी वकील आहे. कागद पाहण्यात माझे आयुष्य गेले. आपल्याकडचा अंमलदार सातबारा हातात घेतला की क्षणात सांगतो खरा की खोटा. फेरफार नंबर, गाव नमुना, तलाठ्याची सही, शिक्का कुठे मारलेला आहे हे त्याला पाठ असते. शाळा सोडल्याचा दाखला पाहून तो ओळखतो की ही जिल्हा परिषदेची शाळा आहे. आता त्याच अंमलदारासमोर मुर्शिदाबादचा गवंडी उभा करा. तो खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जमिनीचा पर्चा काढतो. तो पर्चा म्हणजे त्याच्या बापाच्या नावची शेती, आपल्या सातबाऱ्यासारखा. पण तो बंगाली लिपीत आहे. अंमलदाराला त्यातला एक शब्द वाचता येत नाही. गवंड्याचे हिंदी तुटके, अंमलदाराचेही फार बरे नाही. गवंडी मोबाइलवर गावच्या प्रधानाला फोन लावतो आणि फोन पुढे करतो. पलीकडचा माणूस खरोखर प्रधान आहे की कोणी साथीदार, हे इथे बसून कसे कळणार?

अंमलदार वाईट नाही. त्याला जे कळू शकत नाही ते त्याच्याकडून मागितले जात आहे. तो पर्चा मुर्शिदाबादच्या भूमी कार्यालयातला कारकून एका दृष्टिक्षेपात वाचेल. तो माणूस त्या गावचा आहे का हे तिथल्या ठाण्यातला पोलीस अर्ध्या दिवसात सांगेल. ज्ञान तिथे आहे, संशय इथे आहे. मध्ये पाहिजे एक पत्र, आणि पत्राचे उत्तर येईपर्यंतचा धीर.

आधार कार्ड, पॅन, मतदार ओळखपत्र दाखवून हा प्रश्न सुटत नाही, हेही समजून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका गुन्ह्यात जामीन नाकारताना म्हटले की ही कार्डे असली म्हणून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. न्यायालयाचे म्हणणे बरोबर आहे. ही कार्डे सेवा मिळण्यासाठी आहेत, आणि खोटी कार्डे बनवणाऱ्या टोळ्याही आहेत. पण मग नागरिकत्व सिद्ध करणारा कागद कोणता? १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस सर्वसाधारणपणे जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आत जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक नागरिक पाहिजे. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक पाहिजेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे स्वतःच्या जन्माचा कागद आणि आईवडिलांचाही. असे कागद या सभागृहात किती जणांच्या घरी आहेत?

कातकऱ्याचा जन्म कुठे नोंदला?

इथे हा प्रश्न बंगालचा राहत नाही, शहापूर-मुरबाडचा होतो.

आपल्या कातकरी वाड्यांत जा. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. भट्टीमालकाकडून बयाणा उचललेला असतो, तो फेडायला नवरा-बायको मुलांना घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडे, कोणी गुजरातेत, कोणी कर्नाटकात कोळशाच्या कामाला जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. मूल जन्मते ते भट्टीवरच्या झोपडीत. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या गावात व्हायची असते, २१ दिवसांच्या आत. भट्टी ज्या ग्रामपंचायतीत, तिला ही बाई आपली वाटत नाही. वाडी ज्या ग्रामपंचायतीत, तिथे जन्म झालेला नाही. मूल दोन्ही दप्तरांच्या बाहेर राहते. पुढे शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने तारीख लिहितात. पुष्कळांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण खरी कोणाला ठाऊक नसते.

अशा माणसांसाठी उशिरा जन्मनोंद करून घेण्याची सोय कायद्यात आहे. पूर्वी त्यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३च्या दुरुस्तीने हा अधिकार महसूल यंत्रणेकडे आला. जन्म-मृत्यूची नोंदणी हा विषय समवर्ती यादीत आहे, म्हणजे कायदा केंद्राचा आणि नियम व कारभार राज्याचा. मालेगावसारख्या ठिकाणी असे दाखले खोटेपणाने दिले गेल्याच्या तक्रारी आल्या, विशेष तपास पथक नेमले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिराच्या नोंदीचे दाखले देणे थांबवले. पुढे पद्धत कडक केली. खोटे दाखले थांबलेच पाहिजेत. पण परक्याला अडवायला लावलेली कडी आत आमच्या कातकऱ्यावरही लागते, हे मंत्रालयाला कोणी सांगायचे? कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक. त्याच्याइतका या मातीचा जुना माणूस कोणी नाही. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग पाचव्या अनुसूचीतला आहे, तो त्याच्यामुळे आणि ठाकूर, महादेव कोळी, वारली यांच्यामुळे. आणि कागदावर सर्वांत कमी तोच आहे.

उद्या आपल्या वाडीतले एखादे कुटुंब परराज्यातल्या भट्टीवर पकडले गेले आणि तिथल्या पोलिसाने "कागद दाखव" म्हटले, तर त्याला वाचवणारा एकच असेल: शहापूरचा किंवा मुरबाडचा तहसीलदार, इथला ग्रामपंचायत अधिकारी, इथला पोलीस पाटील. ते म्हणतील, हो, हा आमचा आहे, याच्या आज्याला आम्ही ओळखतो. मुर्शिदाबादच्या गवंड्यासाठी मी जे मागतो आहे ते आपल्याच कातकऱ्यासाठी मागतो आहे.

केंद्र आणि राज्य एकमेकांना टाळतात तेव्हा

केंद्राने राज्याला बाजूला ठेवण्याचेही उदाहरण आहे. पण आधी दोघांनी मिळून काम केल्याचे सांगतो. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचा अधिकार सात राज्यांतल्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना दिला. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत ठाणे होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेले उल्हासनगर आपल्याच जिल्ह्यात आहे. पाकिस्तानातले त्यांचे आप्त पुढेही येत राहिले. त्यांना ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात न्याय मिळू शकला ही चांगली गोष्ट झाली. तिथे राज्याचा अधिकारी केंद्राचे काम करत होता, आणि तो त्या वस्तीला ओळखत होता.

पुढे २०१९ साली नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली. काही राज्यांच्या विधानसभांनी तिच्याविरुद्ध ठराव केले, केरळ सरकार जानेवारी २०२० मध्ये अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०२४ मध्ये नियम आले तेव्हा केंद्राने जिल्हाधिकाऱ्यांना वगळले. जिल्ह्याच्या समितीवर टपाल खात्याचे अधीक्षक बसवले, राज्य पातळीवर जनगणना संचालक. दोन्ही खाती केंद्राची. राज्य अडवील म्हणून केंद्राने स्वतःचा हात पुढे केला. हे कायद्याने शक्य आहे. पण टपाल अधीक्षकाला माणसाचे टपाल माहीत असते, त्याचे मूळ नाही. राज्याची ओळख गमावून केंद्राने काम करायचे ठरवले, की कागदावरचा अर्ज तेवढा उरतो.

राज्ये एकमेकांना टाळतात तेव्हा काय होते ते आपण २०२० साली डोळ्यांनी पाहिले. टाळेबंदीत मुंबईची माणसे डोक्यावर बोचके आणि कडेवर पोर घेऊन मुंबई-नाशिक महामार्गाने शहापूर, खर्डी, कसारा ओलांडून चालत गेली. आपल्यापैकी कित्येकांनी त्यांना पाणी दिले, भाकरी दिली. २९ एप्रिल २०२० रोजी केंद्राने अडकलेल्यांना जाऊ देण्याचा आदेश काढला, पण पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही राज्यांच्या संमतीची अट घातली. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या, तरी घेणाऱ्या राज्याच्या संमतीवाचून गाडी सुटेना. १९ मे रोजी ती अट काढावी लागली. अनुच्छेद १९ प्रमाणे देशात कुठेही फिरण्याचा हक्क असलेला नागरिक तीन आठवडे आपल्याच राज्याच्या होकाराची वाट पाहत होता. आपल्याच नागरिकाची ही गत, तर ज्याच्या नागरिकत्वावर संशय आहे त्याची काय होत असेल?

त्याचे उत्तर २०२५ साली मिळाले. मे महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना लिहिले की बांगलादेश किंवा म्यानमारचा असल्याचा संशय असलेला माणूस आपण भारतीय असल्याचे सांगत असेल, तर त्याच्या मूळ जिल्ह्याकडून ३० दिवसांत पडताळणी करून घ्या. आदेश चांगला होता; मी जे मागतो आहे ते त्यात लिहिलेले होते. पण जूनमध्येच मुंबई परिसरात गवंडीकाम करणारी पश्चिम बंगालची काही माणसे पकडली गेली, सीमा सुरक्षा दलाकडे दिली गेली आणि रात्रीच्या अंधारात बांगलादेशात ढकलली गेली. बंगाल सरकारने कागद पाठवल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीहून बीरभूमच्या एका गरोदर बाईला कुटुंबासह पलीकडे पाठवले गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने ती हद्दपारी रद्द केली. गृहमंत्रालयाचाच आदेश डावलून घाई केली गेली, असे न्यायालयाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयात विषय गेल्यावर डिसेंबरमध्ये ती बाई परत आली. १९९८ ते २०२५, २७ वर्षे गेली. तेव्हा गाडी वाटेत थांबली म्हणून माणसे देशात राहिली. या वेळी ती सीमेपलीकडे गेली होती.

दुसरे देश काय करतात

अमेरिकेतही परकीयांचा कायदा संघराज्याचा आहे. अॅरिझोना राज्याने स्वतःचा कडक कायदा केला तेव्हा २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातला बहुतेक भाग रद्द केला. दुसऱ्या बाजूने, केंद्र राज्याच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही, हा नियम १९९७च्या एका निकालाने पक्का झाला. त्याचा आधार घेऊन शिकागो-न्यूयॉर्कसारखी शहरे केंद्राला सहकार्य नाकारतात. कॅनडात इमिग्रेशन हा केंद्र आणि प्रांत या दोघांचा विषय आहे. क्वेबेक १९९१च्या करारानुसार आपल्याकडे स्थायिक होऊ पाहणाऱ्यांची निवड स्वतः करते. जर्मनीत कायदा केंद्राचा आणि अंमल राज्यांचा, आपल्यासारखाच.

आपली घटना अमेरिकेहून वेगळी आहे. अनुच्छेद २५६ आणि २५७ प्रमाणे केंद्राचे कायदे पाळले जातील असाच राज्याने कारभार करायचा आहे. म्हणून शिकागोसारखे "आम्ही करणार नाही" असे आपल्या राज्याला म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. बेकायदा घुसखोरी हा खरा प्रश्न आहे. कमी मजुरीत राबणारा, तक्रार करू न शकणारा माणूस मुकादमाला स्वस्त पडतो आणि आपल्या मजुराची मजुरी पाडतो. तपास झालाच पाहिजे. पण राज्याच्या हातून केंद्राचे काम होताना राज्याचे डोळे बंद असावेत, असे घटनेत कुठेही म्हटलेले नाही. अनुच्छेद २१ मधला जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क "कोणत्याही व्यक्ती"ला आहे, नागरिकालाच नाही. १९९६ साली अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. राज्य सरकारला चकमा नको होते, केंद्र त्यांना नागरिकत्व देऊ पाहत होते; न्यायालय म्हणाले, वाद काहीही असो, त्यांच्या जिवाचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे.

आपण इथे काय करू शकतो

३१ जुलै २०२३च्या रात्री आपल्या सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर यंत्रासह कोसळला आणि २० माणसे गेली. उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, तमिळनाडू अशा राज्यांतली ती माणसे होती. त्यांची गावे, त्यांची घरे शोधून मृतदेह पाठवले गेले. मेलेल्या माणसाचे गाव जर शोधता येते, तर जिवंत माणसाचे का नाही?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पकडलेल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करा. हा अनुच्छेद २२ चा हक्क आहे. शहापूर आणि मुरबाडच्या तालुका विधी सेवा समितीकडून त्याला वकील मिळाला पाहिजे, त्याची भाषा जाणणारा दुभाषी मिळाला पाहिजे. तो सांगतो त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारणा व्हावी, आणि लेखी उत्तर आल्याशिवाय त्याला जिल्ह्याबाहेर हलवू नये. मूळ राज्याने मुदतीत उत्तर दिले नाही तर त्याचा दोष त्या राज्याचा, माणसाचा नाही. राज्यांमधल्या अशा प्रश्नांसाठीच अनुच्छेद २६३ खाली आंतरराज्य परिषद आहे. महाराष्ट्राने हा विषय तिथे न्यावा. आणि या कामावर येणारा खर्च अनुच्छेद २५८ प्रमाणे केंद्राकडून मागून घ्यावा, म्हणजे दुभाषी आणि पडताळणी यांना पैसे नाहीत ही सबब उरणार नाही.

ग्रामसभांनाही काम आहे. आपल्या हद्दीतल्या भट्टीवर, प्रकल्पावर कोण कुठून आले याची यादी मुकादमाकडून ग्रामपंचायतीने घ्यावी. तिच्यात त्याचे गाव, जिल्हा आणि घरच्यांचा फोन असावा. ती यादी मजुराच्या रक्षणासाठी आहे, हे आधी त्याला सांगावे. भट्टीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद २१ दिवसांत त्याच ग्रामपंचायतीने करावी, आई परगावची आहे म्हणून परत पाठवू नये. आणि पावसाच्या तोंडावर कातकरी घरी परतले की प्रत्येक वाडीत जन्मनोंदीचे, दाखल्यांचे शिबिर व्हावे.

इथे वकील बसले आहेत, शिक्षक आहेत, पोलीस पाटील आहेत, सरपंच भगिनी आहेत. दिल्लीचा कायदा बदलणे आपल्या हातात नाही. पण हा माणूस कोण आहे, हे आधी विचारायचे आणि मग ठरवायचे, हा क्रम पाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. येत्या ग्रामसभेत जन्मनोंदीचा आणि मजुरांच्या यादीचा ठराव मांडा. ठराव लिहायला मदत लागली तर मी आणि माझे वकील सहकारी यायला तयार आहोत.